एकशे सत्तर मिलिमीटर

पनवेलमध्ये मिडल क्लास सोसायटी नावाची एक वसाहत आहे. हे टोपणनाव नव्हे, पत्ता आहे; कुरिअरवाल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे हाच चालतो. आपण मध्यमवर्गीय आहोत हे फाटकावर लिहायला कुणाला संकोच वाटत नसे, अशा काळातलं ते नाव. आज त्या भागातून संध्याकाळी चालायला निघालं की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्यांची बॉनेटं माझ्या छातीला लागतात. समोरून कोण येतंय ते दिसत नाही. पूर्वी उसने पैसे मागणारा टाळायचा तर गल्ली बदलावी लागे. आता एखाद्या फॉर्च्युनरच्या आड उभं राहिलं तरी भागतं. सोसायटी मिडल क्लासच राहिली, गाड्या तेवढ्या वरच्या वर्गात गेल्या.

गाडीबद्दल मत नसलेला पनवेलकर मला अजून भेटायचा आहे. यात त्याचा दोष नाही, भूगोलाचा आहे. मुंबईहून पुण्याला जा, गोव्याला जा, नाहीतर न्हावाशेव्याच्या बंदराला जा, पनवेल चुकत नाही. द्रुतगती महामार्ग कळंबोलीला सुरू होतो. गोव्याचा रस्ता पळस्प्याला वळतो. २०२४ पासून अटल सेतूवरून शिवडीची माणसंही या अंगाला उतरायला लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झाल्यावर आकाशातून यायची सोयही झाली. त्यामुळे दुनियेतल्या यच्चयावत गाड्या आम्हाला घरबसल्या बघायला मिळतात, आणि बघायला मिळालेल्या वस्तूबद्दल मत न देणं हे आमच्याकडे आजारपणाचं लक्षण मानतात.

परंपराही आहेच. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदराला उतरे आणि पुढे चाकांवर निघे. इंग्रजांच्या गॅझेटियरात पनवेलचा उद्योग म्हणून बैलगाड्या आणि त्यांची चाकं बनवण्याची नोंद आहे. म्हणजे शे-दीडशे वर्षांपूर्वीही इथल्या एखाद्या आळीत दोन माणसं चाकाची उंची किती असावी आणि धाव केवढी जाड बसवावी यावर तावातावाने भांडत असणार. त्यांच्या हातात चहाचा कटिंग नव्हता, एवढाच काय तो फरक.

आजचं भांडण सकाळी वडाळे तलावाच्या फेऱ्या झाल्यावर, कटिंगसकट होतं. त्यात दोन पक्ष आहेत. गंधात जसा आडव्या बोटांचा आणि उभ्या बोटांचा पंथ, तसे हे आडवे आणि उभे. आडव्यांचं दैवत सेडान, म्हणजे त्यांच्या भाषेत 'कार'. उभ्यांचं दैवत एसयूव्ही, म्हणजे त्यांच्या भाषेत 'गाडी'. शैव-वैष्णवांनी एकमेकांच्या देवळात जायचं बंद केलं होतं म्हणतात. हे दोघे एकमेकांच्या गाडीतून घरी जातात आणि उतरल्यावर निंदा करतात.

आडव्यांचे आचार्य म्हणजे आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, तिला ते आजन्म 'फियाट' म्हणत आले. मग १९९४ नंतरची एस्टीम, आणि आता ऑक्टेव्हिया. ऑक्टेव्हिया भारतात २००१ साली आली, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळायची, आणि तिच्या दाराचा आवाज कसा येतो हे काका स्वतः तोंडाने करून दाखवतात. 'धप्प.' बाकीच्या गाड्यांचं दार 'टण्ण' वाजतं. काकांच्या मते माणसाची पारख बोलण्यावरून आणि गाडीची दारावरून करावी.

त्यांचं तत्त्वज्ञान तीन खोल्यांचं आहे. पुढच्या खोलीत इंजिन, मधल्या खोलीत माणसं, मागच्या खोलीत सामान. याला घर म्हणतात. एसयूव्हीत माणसं आणि सामान एकाच खोलीत. "आमच्या वडिलांनी एका खोलीत संसार केला तो नाइलाजाने," काका म्हणतात, "हे लोक त्यासाठी चाळीस लाख देतात." मग त्यांचं बिनतोड उदाहरण येतं. गावाहून येताना सुकट नि सुके बोंबील डिकीत टाकले तर ते डिकीत राहतात. एसयूव्हीत ते आपल्याबरोबर प्रवास करतात. पेण येईपर्यंत गाडीतल्या सगळ्यांना बोंबिलांची व्यक्तिशः ओळख झालेली असते.

या मुद्द्याला आजवर उभ्यांकडून समाधानकारक उत्तर आलेलं नाही.

उभ्यांचे पुढारी म्हणजे शेठ. जन्म इथला, बोली आगरी, जमीन विमानतळात गेलेली, फॉर्च्युनर पांढरी. शेठ वाद घालत नाहीत, एकच वाक्य टाकतात आणि चहात पाव बुडवतात. काकांनी एकदा सेडान कशी रस्ता धरून पळते, वळणावर कशी झुकत नाही, यावर दहा मिनिटं भाषण केलं. शेठ म्हणाले, "काका, तुमची गारी रस्ता धरते. पन आमचे गोवा रोडला रस्ताच नाय, तं धरल काय?"

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. पळस्पे ते इंदापूर हा त्याचा पहिला टप्पा, ८४ किलोमीटरचा. तो टप्पा सुरू झाला तेव्हा जन्मलेली मुलं आता दहावीच्या उंबरठ्यावर आली. माझं प्रामाणिक मत असं आहे की कोकणात एसयूव्हीचा प्रसार कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीने केला नाही, तो या रस्त्याने केला. एवढा चिकाटीचा विक्रेता जगात दुसरा नसेल. गणपतीला एकदा वडखळपर्यंत जाऊन आलेला आडवा माणूस पितृपक्ष संपायची वाट बघतो आणि दसऱ्याला उभा होतो.

पण खड्डे हे सांगायचं कारण. खरं कारण शेठनी एका सकाळी, पक्षात कुणाला न विचारता, सांगून टाकलं. "लग्नाला बारीक गारी नेली का पार्किंगवाला बोलतो, मागं लावा. ही नेली का बोलतो, शेठ, हितंच मंडपाचे पुढं लावा." मंडप तोच, नवरानवरीही तेच, आहेराचं पाकीटही तेवढंच. फरक मंडपापासूनच्या अंतराचा. काकांनी यावर पंचवीस वर्षांची बँकेतली नोकरी आठवून मान हलवली. बँकेतसुद्धा कर्ज कुणाला उभ्याउभ्या मिळे आणि कुणाला बाकावर बसवून ठेवत, ते त्यांना ठाऊक होतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो. पनवेल-उरणच्या जमीनवाल्यांच्या मोठ्या गाड्यांवर मुंबई-पुण्याचे लोक फार विनोद करतात. 'साडेबारा टक्के' म्हटलं की हसतात. हे साडेबारा टक्के म्हणजे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला विकसित भूखंड, आणि तो सिडकोने खूश होऊन वाटलेला नाही. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले, त्यानंतर कुठे हे सूत्र आलं. तेव्हा शेठची फॉर्च्युनर मंडपापुढे लागली तर लागू द्यावी. माझा आक्षेप तिच्या हॉर्नला आहे, गाडीला नाही.

काकांचं दुसरं मोठं हत्यार म्हणजे परंपरा. "कार म्हणजे कशी, तर आमच्या काळी होती तशी. हे उंच प्रकरण आत्ताचं." हे ऐकायला छान वाटतं, पण रायगड जिल्ह्यात ते टिकत नाही. महिंद्रांनी विलिज जीप मुंबईत जुळवायला घेतली ती १९४० च्या दशकाच्या शेवटी. प्रीमियरने फियाट ११०० आणली ती त्यानंतर, १९५४ च्या सुमाराला. मुंबईतले लोक जिला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणत, ती हीच. म्हणजे या दोघींच्या हिशेबाने आमच्याकडे आधी उभी आली, मग आडवी. आणि खेड्यात तर आडवी कधी फारशी आलीच नाही. तिथे तहसीलदार आला तो जीपमधून, डॉक्टर आला तो जीपमधून, आणि पुढे गावचा माणूस एसटी चुकल्यावर बाजाराला गेला तो कमांडर जीपला मागे लटकून. आत किती माणसं होती हे चालकालाही उतरवताना कळे. त्या गाडीत एसी नव्हता, सस्पेन्शन नावाची वस्तू बसणाऱ्यांच्या कमरेत होती, आणि तरीही ती चढ चढली, ओढा ओलांडला, चिखलातून निघाली. खरी ऑफ-रोडिंग आमच्याकडे तिने केली. तिला कुणी 'लाइफस्टाइल व्हेइकल' म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

मग १९९४ ला टाटा सुमो आली. टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं घेऊन तिचं बारसं झालं; जपानी पहिलवानाशी तिचं नातं नाही, हे मी अनेक लग्नांतून लोकांना समजावलं आहे. २००० साली क्वालिस आली, त्याच साली बोलेरो, २००२ ला स्कॉर्पिओ. यातल्या एकीलाही कुणी 'लक्झरी' म्हणत नव्हतं. वऱ्हाड मावलं की गाडी चांगली. फॉर्च्युनर आली २००९ ला, आणि तिथून पुढे गाडीत वऱ्हाड कोंबायचं नसतं, वऱ्हाडाने तिच्याकडे बघायचं असतं, असा नियम झाला.

आता प्रश्न असा की एसयूव्ही म्हणजे नेमकं काय? आम्ही चहावर भांडून थकलो तेव्हा सरकार मदतीला आलं. जीएसटी कौन्सिलने व्याख्या दिली. लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं, आणि जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, किमान १७० मिलिमीटर. हे तिन्ही जुळलं की गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर बसे. मोठ्या सेडानला उपकर २० टक्के असे. म्हणजे आडव्या-उभ्यांच्या भांडणाची सरकारी किंमत दोन टक्के ठरली. जुलै २०२३ मध्ये कौन्सिलने आणखी खुलासा केला की हे १७० मिलिमीटर रिकाम्या गाडीचे मोजायचे. त्या खुलाशामागे कुठल्यातरी हुशार माणसाने चार वजनदार पाहुणे गाडीत बसवून क्लिअरन्स कमी करून दाखवला असावा, अशी मला दाट शंका आहे.

काकांनी हा खुलासा वर्तमानपत्रात वाचला आणि दुसऱ्या दिवशी खिशात स्टीलची फूटपट्टी घेऊन आले. तेव्हापासून ती पट्टी कायम त्यांच्या खिशात असते. तलावाच्या बाहेर लागलेल्या गाड्यांखाली वाकून ते माप घेतात. एकदा एका सुरक्षारक्षकाने त्यांना हटकलं तर म्हणाले, "कर किती बसतो ते बघतोय." रक्षक दोन पावलं मागे सरकला. खाकी पँट, फूटपट्टी आणि 'कर' हा शब्द इतकं एकत्र आलं की आपल्याकडे ओळखपत्र कुणी मागत नाही.

चार मीटरच्या आकड्याची गंमत तर वेगळीच आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादनशुल्क कमी झालं, आणि डिकीला वाईट दिवस आले. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस काढली. चार मीटरला जेमतेम कमी. काकांना हा घाव अजून सोसत नाही. "करासाठी डिकी कापली," ते अशा आवाजात सांगतात की नवख्या माणसाला वाटावं, घरातल्या कुणाचं ऑपरेशन झालं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर आले, उपकर गेला, मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के झाले. उभी असो की आडवी, कर सारखा. सरकारने आपल्या बाजूने भांडण मिटवलं. आमच्याकडे त्याने काही फरक पडला नाही.

कारण तोवर उभ्यांच्यातच फूट पडली होती. खारघरचा एक आयटीतला मुलगा शनिवार-रविवारी आमच्यात येतो. त्याच्याकडे थार आहे, आणि त्याच्या मते थारशिवाय बाकी एसयूव्ही या एसयूव्ही नाहीतच. जिची बॉडी शिडीसारख्या भक्कम चासीवर बसवलेली असते, ती लॅडर फ्रेमची, खरी. जिची बॉडी आणि चासी एकच, ती मोनोकॉक, म्हणजे फुगवलेली हॅचबॅक. हे तो इतक्या पोटतिडकीने सांगतो की ऐकणाऱ्याला आपल्या घरातल्या गाडीचं कुळ तपासावंसं वाटतं. शेठनी त्याला विचारलं, फोर बाय फोर कधी टाकलास? मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, ऑर्कुटच्या दिवसांपासून त्याला हिमालयात जायचं आहे. थारचा तो दुसरा छोटा दांडा आजवर एकदाच हलला. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, धुणाऱ्या पोराचा धक्का लागून.

आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त याच उभ्या जातीच्या आहेत. याचा एक परिणाम कुणी बोलत नाही. उंच गाडी घ्यायची ती 'वरून पुढचं दिसतं' म्हणून. जोवर बाकीचे खाली होते तोवर दिसायचंही. आता पुढच्यानेही उंच घेतली. कळंबोलीच्या चौकात उभ्या गाडीतून पुढे काय दिसतं, तर दुसऱ्या उभ्या गाडीची मागची काच आणि तिच्यावर लिहिलेलं 'आई एकविरा प्रसन्न'. यापेक्षा जास्त तर काकांना खालून दिसतं, कारण ते पुढच्या गाडीच्या पोटाखालून पलीकडचा सिग्नल बघतात. हा सेडानचा फायदा त्यांनी स्वतः शोधून काढला आहे.

खरी लक्झरी म्हणजे कोटीच्या घरातली गाडी. ती पनवेलात नवी नाही राहिली. विमानतळाच्या बाजूला, उलव्याकडे, एखाद्या बंगल्याच्या फाटकात लँड रोव्हर दिसते. हिची जन्मकथा मला फार आवडते. ३० एप्रिल १९४८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली, ती शेतकऱ्यासाठी. युद्ध संपलेलं, इंग्लंडात पोलाद रेशनवर, म्हणून बॉडी अॅल्युमिनियमची; रंगही लष्कराचा उरलेला हिरवट, तोच फासला. नांगर ओढायची, चारा वाहायची, मेंढ्या न्यायची गाडी. पुढे ती वाढत वाढत साहेबाची झाली आणि २००८ मध्ये कंपनीच टाटांनी विकत घेतली. अशी ही शेतासाठी जन्मलेली गाडी आमच्याकडे शेत विकून घेतात. शेठला हे सांगितलं तर ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "मंग बरोबरच हाय. शेत गेलं, निदान शेतावरची गारी तं आली."

सनरूफवरही दोन मतं आहेत. पनवेलला पाऊस किती पडतो हे सांगायला नको, आणि मे महिन्यातलं ऊन त्याहून जास्त. छत उघडायला वर्षातले दिवाळी ते संक्रांत एवढेच दिवस मोकळे. तरी सनरूफ नसलेली गाडी हल्ली मुलांना चालत नाही, कारण वरातीत त्यातून डोकं बाहेर काढायचं असतं. काका म्हणतात, ऊन आत घ्यायला पैसे मोजणारी ही पहिली पिढी. त्यांच्या फियाटला पुढच्या दाराला तिकोनी काच होती, ती वळवली की वारा थेट छातीवर येई. तिला बटण नव्हतं, सेन्सर नव्हता, आणि ती बिघडल्याचं त्यांना आठवत नाही. हे मी त्यांना फार खोलात विचारत नाही. फियाटचं काय काय बिघडे हे काकूंना आठवतं.

काकूंचा या सगळ्या वादातला सहभाग गुडघ्यांपुरता आहे, पण निर्णायक आहे. ऑक्टेव्हियात बसणं म्हणजे विहिरीत उतरणं आणि त्यातून निघणं म्हणजे घागर वर काढणं, असं त्यांचं म्हणणं. त्यात दोर ओढायला काकांना यावं लागतं. शेठच्या फॉर्च्युनरला उलटी तऱ्हा. पायरीवर पाय, वरच्या हँडलला हात, नऊवारी असेल तर आणखी एक माणूस खाली. एवढं करून आत गेलं की उतरताना मागून उतरावं की पुढून, याचा विचार आमटेम येईपर्यंत चालतो. काकूंना पसंत आहे शेजाऱ्यांची इनोव्हा. ती उभीही नाही नि आडवीही नाही. दार उघडलं की सीट बरोबर कमरेला येते. काकू तिच्यात जशा जातात तशाच बसतात. तलावाकाठच्या दोन्ही पक्षांनी इनोव्हाला चर्चेतून वगळलेलं आहे. ती गाडी उपयोगी आहे, आणि उपयोगी वस्तूबद्दल भांडायला मजा येत नाही.

मिस्त्रीचा दृष्टिकोन पूर्ण निराळा. त्याचं गॅरेज जुन्या पुणे रस्त्याला. जगातल्या सगळ्या गाड्यांचे तो दोनच भाग करतो: खाली नुसतं झोपून शिरता येतं त्या, आणि जॅक लावावा लागतो त्या. पोट वाढल्यापासून तो एसयूव्हीच्या बाजूला झुकला आहे. स्वतः स्कूटरवर फिरतो. त्याला विचारलं की कुठली गाडी घ्यावी, तर आधी विचारतो, "चालवायला की दाखवायला?" चालवायला म्हटलं की तो जुनी एखादी सुचवतो. दाखवायला म्हटलं की म्हणतो, "मग सर्व्हिस सेंटरलाच जा साहेब, त्यांच्याकडे कॉफी मशीन असतं." २०२५ पासून पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांत रबरी नळ्यांच्या काळजीने घबराट झाली. काका रोज त्याच्याकडे जायचे. मिस्त्रीने नळ्या तपासल्या आणि सांगितलं, काका, गाडीला पश्चिम महाराष्ट्राचा ऊस पचतोय, तुम्ही झोपा.

बैलांचंही सांगायला हवं, नाहीतर रायगडचा लेख पुरा होत नाही. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने उठवली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि शर्यती दणक्यात सुरू झाल्या. मैदानावर उभ्या गाड्यांची एवढी गर्दी दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. महाराष्ट्रात काही शर्यतींना तर बक्षीस म्हणून थार आणि बोलेरो ठेवतात. तेव्हा उंची गाडी स्वतःच्या पायांनी कमावणारा या राज्यातला एकमेव प्राणी म्हणजे बैल. त्याला मात्र घरी टेम्पोतूनच नेतात. थारमध्ये मालक बसतो. मोनोकॉक की लॅडर फ्रेम, हे बैलाला कुणी विचारलेलं नाही.

गाडीच्या मालकाची ओळख पूर्वी नंबरावरून पटे. ४१४१ चे आकडे असे वळवायचे की 'दादा' वाचावं, ८०५५ चा 'बॉस' करायचा. आमच्याकडे तर आडनावं नि गावं आकड्यांत लिहिणारे कलाकार होते. मग सरकारने जुन्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी पाट्या सक्तीच्या केल्या आणि एका सरळ, छापील, मख्ख आकड्यात सगळे दादा साधे नागरिक झाले. एमएच ४६ पुढे दोन अक्षरं, चार आकडे. आता ओळख पटवायची तर गाडीच मोठी घ्यावी लागते. पाट्यांच्या सक्तीने एसयूव्हीचा खप वाढला का, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही.

असं सगळं चाललं असताना मागच्या मार्गशीर्षात शेठच्या मुलाचं लग्न ठरलं. आम्हाला वाटलं, वरातीला आणखी एखादी उंच, काळी, उघड्या छताची येणार. मुलाने हट्ट धरला की वरात जुन्या फियाटमधूनच काढायची. हल्लीच्या मुलांना असं वाटतं. आजोबांच्या काळातली वस्तू त्यांना फोटोत छान दिसते. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, तेव्हा तिच्याबरोबर फोटो काढायला जी तरुण पोरं धावली, त्यांतलाच हाही. शेठनी कुठूनशी एक पद्मिनी उचलली, रंगवली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हिचा गिअर स्टीअरिंगला असतो आणि तो टाकता येणारा माणूस सगळ्या गोतावळ्यात एकही नाही.

काकांना बोलावणं गेलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाडी मंडपापुढे उभी होती. रंग मोतिया, रुंद टायर, चकचकीत अॅलॉय, आणि चालताना खाली घासत होती म्हणून मिस्त्रीकडून दोन इंच उचललेली. काका काही बोलले नाहीत. खिशातून पट्टी काढली, मांडवाच्या सतरंजीवर गुडघे टेकले आणि गाडीखाली पाहिलं.

"एकशे ब्याऐंशी," ते म्हणाले.

मांडवात शांतता. शेठना पहिल्यांदाच मी अस्वस्थ झालेलं बघितलं. "चालल ना, काका?"

काका उठले, हात झटकले. "लांबी चार मीटरच्या आत. इंजिन १०८९ सीसी. तिन्हींपैकी एकच लागू होतं. ही एसयूव्ही नाही." सगळ्यांनी श्वास सोडला. मग काकांनी मागे जाऊन, ज्या हाताने मूर्तीवरचं वस्त्र काढावं त्या हाताने, डिकी उघडली.

डिकीत काठोकाठ स्पीकर भरले होते.

"अहो शेठ, आणि सामान?" काका म्हणाले. "नवरीच्या बॅगा, ओटीचं, फळांच्या करंड्या, ते सगळं कुठे ठेवायचं?"

शेठनी मंडपापुढच्या पांढऱ्या गाडीकडे हात केला. तिच्या मागच्या दोन्ही रांगा पाडलेल्या होत्या आणि पोरं आत करंड्या रचत होती.

"त्याला फॉर्च्युनर हाय ना मागून," शेठ म्हणाले.

काकांनी त्या गाडीकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, फियाटचं दार उघडलं, आत बसले आणि चोक ओढला.